कंपन-विलगीकरण : संज्ञेचा अर्थ व उपयोजन

यंत्र अभियांत्रिकीतील ‘कंपन-विलगीकरण’ ही संज्ञा पुष्कळदा ‘अवमंदन’ या अर्थाने वापरली जाते. वस्तुतः दोन्ही संकल्पना भिन्न आहेत. कंपनाची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित करून ते शमविणे म्हणजे अवमंदन. आधाराचे कंपन वस्तूपर्यंत किंवा यंत्राचे कंपन आधारापर्यंत पोहोचू न देणे म्हणजे विलगीकरण. मोटारीत विलगीकरण स्प्रिंग करते. शॉक अॅब्सॉर्बर केवळ अवमंदन करतो. त्याचे नावच दिशाभूल करणारे आहे.

विलगीकरणास एक अट आहे. बाह्य कंपनाची वारंवारता प्रणालीच्या स्वाभाविक वारंवारतेच्या सुमारे १.४१ पटींहून अधिक असावी लागते. दोन्ही वारंवारता जुळल्यास अनुस्पंदन होऊन कंपन उलट वाढते. अवमंदन वाढविल्यास अनुस्पंदन आवरते, परंतु उच्च वारंवारतेचे विलगीकरण दुबळे होते.

या संज्ञेचे अत्यंत काटेकोर उपयोजन हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात नियोजित असलेल्या लायगो-इंडिया प्रकल्पात होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पास मंजुरी दिली. गुरुत्वीय लहरींमुळे त्याच्या ४ किलोमीटर लांबीच्या भुजांत होणारा बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या शतांशाहूनही कमी असेल. अमेरिकेतील लायगोमध्ये ४० किलोग्रॅमचा आरसा चार टप्प्यांच्या लोलकात, शेवटी सुमारे ६० सेंटिमीटर लांबीच्या काचतंतूंवर टांगलेला असतो. एवढ्या लांबीच्या साध्या लोलकाची स्वाभाविक वारंवारता सुमारे ०.६४ हर्ट्झ येते. म्हणून १० हर्ट्झचे कंपन असा एकच टप्पा जवळजवळ २४० पटींनी घटवितो. पुढील प्रत्येक टप्प्यागणिक ही घट गुणाकाराने वाढते.

२१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचे भूकंप झाले. विलगीकरण असताना भूकंपाची चिंता कशाला, असा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. वरील अट ध्यानात घेतल्यास उत्तर मिळते. दूरच्या मोठ्या भूकंपाच्या लाटांची वारंवारता ०.१ हर्ट्झहूनही कमी असू शकते. ती लोलकाच्या स्वाभाविक वारंवारतेच्या खाली असल्याने लोलक त्यांना थोपवू शकत नाही; तेथे संवेदकांनी हालचाल मोजून विरुद्ध बल देणारे सक्रिय विलगीकरण लागते. जवळच्या तीव्र धक्क्यात तेही अपुरे पडून निरीक्षण खंडित होते. तेव्हा आरसा सुरक्षित राहावा म्हणून त्याभोवती यांत्रिक अटकाव बसविलेले असतात. हे कार्य मात्र विलगीकरणात मोडत नाही.