कोड वाचण्याआधी सायलेन्सर ऐका

शिरसाड फाट्यावरून वज्रेश्वरीकडे वळणारा रस्ता आणि भिवंडी-वाडा मार्गावरचा अंबाडी नाका, या दोन टोकांच्या मधल्या गावांत जुन्या गाड्यांची संख्या मोठी आहे. मुंबई-ठाण्यात दहा वर्षं वापरून विकलेली मारुती, सँट्रो किंवा इंडिका इथे आणखी दहा वर्षं चालते. पोरांना शाळेत सोडते, भाजी नेते, दर्शनाला आलेल्या पाहुण्यांना अकलोलीच्या कुंडांवर आणि गणेशपुरीला फिरवून आणते. या गाड्यांवर लोकांचं पोट अवलंबून आहे. म्हणून डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, किंवा सायलेन्सरमधून नवाच आवाज येऊ लागला, की प्रश्न पहिल्याच क्षणी पैशांचा होतो: किती खर्च येणार, आणि तो खरंच लागणार का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अनेकदा ‘नाही’ असं असतं. जुन्या गाडीत सर्वाधिक पैसा वाया जातो तो कोड वाचून थेट पार्ट बदलण्यात. स्कॅनर लावला, पडद्यावर ऑक्सिजन सेन्सरचं नाव आलं, सेन्सर बदलला, आणि चार दिवसांनी दिवा पुन्हा लागला. ही तक्रार या पट्ट्यातल्या गॅरेजांत नित्याची आहे. कोड लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. कारण शोधायला कान लागतात, आणि ते शहाणपण आपल्या मेकॅनिकांकडे स्कॅनर येण्याच्या फार आधीपासून होतं.

मुळात हा दिवा आला कुठून? अमेरिकेत १९९६पासूनच्या सर्व मोटारींना एकच सोळा पिनांचं सॉकेट आणि एकच कोडभाषा सक्तीची झाली. आपल्याकडे भारत स्टेज चारच्या नियमांबरोबर १ एप्रिल २०१०पासून या व्यवस्थेची पहिली पायरी आली आणि १ एप्रिल २०१३पासून दुसरी, अधिक कडक पायरी. तेव्हा सेकंडहँड गाडी घेताना उत्पादनाचं वर्ष पाहणं महत्त्वाचं. २०१३नंतरची असेल तर कुठलाही साधा स्कॅनर तिच्याशी बोलेल. त्याआधीची इंजेक्शनची गाडी असेल, तर तिची भाषा बहुधा कंपनीची स्वतःची असते. काही मॉडेलांत कपलरच्या ठरावीक दोन पिना जोडल्या की दिवा लुकलुकतो आणि ते लुकलुकणं मोजून कोड काढावा लागतो. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या मारुती ८००ला किंवा पद्मिनीला विचारायला कोणी नाहीच. तिथे सगळा कारभार कानांवर.

कोडची रचना सोपी आहे. ‘पी’ म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा गट. त्यापुढे शून्य असेल तर तो सर्व कंपन्यांना समान कोड, एक असेल तर त्या कंपनीचा खास. पी ०३०० म्हणजे इंजिन मिसिंग मारतंय, पण कोणता सिलिंडर ते नक्की नाही. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, ०३०२ म्हणजे दुसरा. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी. पी ०१३५ म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या आतला हीटर काम करत नाही. पी ०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुरेशी सफाई करत नाही. गाडीवाल्याला एवढे कोड माहीत असले तरी गॅरेजमधलं निम्मं बोलणं समजतं.

आता सायलेन्सरकडे वळू. सगळी गंमत इथेच आहे.

तीन सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर उभं असेल, तर सेकंदाला २० स्फोट होतात, कारण फोरस्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांतून एकदाच पेटतो. त्यांतला एक सिलिंडर गप्प झाला तर मागच्या पाइपातून येणारा सलग आवाज तुटतो, भजनात मृदंगाची दर तिसरी थाप गळाल्यासारखा. हात पाइपाच्या तोंडापासून थोड्या अंतरावर धरला तर हवेचे धक्केही असमान लागतात. स्कॅनर पी ०३०२ दाखवतो, तेच कान सांगतो. फरक इतकाच, की स्कॅनर सिलिंडरचा नंबर देतो. त्यापुढचं काम बुद्धीचं. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल, तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावायची, कोड पुसायचा आणि गाडी चालवायची. कोड ०३०३ झाला तर दोष कॉइलचा. ०३०२च राहिला तर प्लग, इंजेक्टर, वायरिंग आणि शेवटी कॉम्प्रेशन. या तपासाला एक रुपयाचाही पार्ट लागत नाही.

दुसरा आवाज सकाळचा. थंड इंजिन चालू केलं की पुढच्या बाजूने टिक-टिक-टिक येते, आणि पाच-दहा मिनिटांत गायब होते. बरेच जण ती टॅपेटची समजून सोडून देतात. ती पुष्कळदा मॅनिफोल्डच्या पॅकिंगची किंवा तिथल्या बारीक चिरेची असते. धातू तापून फुगला की फट मिटते आणि आवाज थांबतो. ही फट नुसत्या आवाजाची नसते. सायलेन्सरमध्ये वायू लाटांनी वाहतो. दोन लाटांच्या मध्ये दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो आणि फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढे बसलेल्या ऑक्सिजन सेन्सरला ती हवा दिसते. साध्या सेन्सरचं व्होल्टेज सुमारे ०.१ ते ०.९ या पट्ट्यात खालीवर होत असतं. ते खालीच रेंगाळू लागलं की संगणकाचा समज होतो, इंधन कमी पडतंय. तो आणखी पेट्रोल सोडतो. ॲव्हरेज घसरतं, काही दिवसांनी पी ०१७१ येतो, आणि सेन्सर नाहक बदलला जातो. दोष असतो काहीशे रुपयांच्या पॅकिंगचा. याच कारणासाठी माझा आग्रह आहे की हवा-इंधनाचा कोड आला, की सेन्सरला हात लावण्याआधी गाडी रात्रभर थंड होऊ द्यावी आणि सकाळी पहिल्या स्टार्टला बॉनेट उघडून ऐकावं. जाड हातमोजा घालून, ओला फडका मागच्या पाइपावर क्षणभर दाबला तर फुसफुस कुठून येते तेही कळतं.

हाच कोड इनटेकच्या बाजूची फाटलेली रबरी नळीही देते. पण तिचा आवाज सूं-सूं असा, आत ओढल्याचा.

तिसरा आवाज जाड, भडभडणारा, ॲक्सिलरेटर दिला की वाढणारा. सायलेन्सर कुठेतरी गंजून फुटला. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण एक लिटर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात पाइप तापलेला असतो, ते वाफ होऊन निघून जातं. वज्रेश्वरीहून गणेशपुरी किंवा अकलोली अशी जेमतेम दोन-तीन किलोमीटरची फेरी मारून गाडी बंद केली, की ते पाणी मागच्या डब्यात साचतं आणि पत्रा आतून खातं. वर कोकणचा पाऊस, खड्डे, गतिरोधकांवर बसणारे तडाखे. जोड आणि सायलेन्सरचे रबर आधी जातात. मागचा डबा फुटला तर पत्रा मारून वेल्डिंग पुरतं. फूट पुढच्या पाइपाला असेल तर उशीर करू नये. बाहेर पडणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही. पावसाळ्यात काचा बंद करून जाताना तो फ्लोअरच्या भोकांतून आत आला, तर डोकं दुखणं ही पहिली आणि कधीकधी शेवटची सूचना असते.

चौथा आवाज खडखडीचा. बाहेरचा उष्णतारोधक पत्रा सुटला असेल तर तो ठरावीक आरपीएमलाच थरथरतो. एका क्लिपचं काम. मात्र थंड गाडीखाली जाऊन कन्व्हर्टरवर मूठ मारली आणि आत काचा हलल्यासारखा आवाज आला, तर आतली सिरॅमिकची जाळी तुटली आहे. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा लेप असतो, म्हणून तो भाग महाग. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नईत १९९५पासून नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला आणि त्याच्यासाठीच शिसंविरहित पेट्रोल आलं.

जाळी आपणहून क्वचितच मरते. मिसिंग मारणाऱ्या सिलिंडरमधलं न जळलेलं पेट्रोल तिच्यात जाऊन पेटतं आणि ती वितळते. इंजिनाचा दिवा स्थिर न राहता लुकलुकू लागला की तो हेच सांगत असतो. तेव्हा गाडी कडेला घ्यावी. आणि कुठे थांबवावी तेही पाहावं. भातकापणीच्या दिवसांत शेताकडेला पेंढा, वाळलं गवत असतं. तापलेल्या कन्व्हर्टरखाली ते पेटतं.

पी ०४२० आला की लगेच कन्व्हर्टर गेला असं धरू नये. कन्व्हर्टरमागच्या सेन्सरजवळची गळतीही तोच कोड देऊ शकते. आधी गळती, मग मिसिंग, मग सेन्सर, आणि सर्वांत शेवटी कन्व्हर्टर, हा क्रम मी कुठल्याही स्कॅनरपेक्षा मोलाचा मानतो.

दोन स्थानिक कारणं स्वतंत्र सांगायला हवीत. पहिलं उंदीर. पावसाळ्यात शेतं भरली की ते घरांकडे, आणि उबदार इंजिनाकडे येतात. एकाच वेळी तीन-चार असंबद्ध सेन्सरांचे कोड दिसले तर सेन्सर नव्हे, वायरिंग आणि अर्थिंग तपासावं. दुसरं, बाहेरून बसवलेलं सीएनजी किट. गॅसवर पेटवायला ठिणगी जोरदार लागते. झिजलेला प्लग पेट्रोलवर निभावतो आणि गॅसवर मिसिंग मारतो, कधी इनटेकमध्ये ‘फट्’ असा आवाजही होतो. किट नीट ट्यून केलेलं नसेल तर पेट्रोलचा संगणक गोंधळून मिश्रणाचे कोड टाकतो. अशा गाडीत प्रत्येक तपास दोन्ही इंधनांवर वेगळा करायचा.

पीयूसीबद्दलही थोडं. भारत स्टेज चारच्या पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. फुटक्या सायलेन्सरमधून हवा मिसळली की आकडे खोटे चांगले येतात, त्यामुळे प्रमाणपत्र मिळालं म्हणजे इंजिन निरोगी असं होत नाही. गाडीला पंधरा वर्षं होऊन नोंदणीच्या नूतनीकरणाची वेळ आली असेल, तर हा सगळा तपास महिनाभर आधी करून घ्यावा.

दुरुस्तीनंतर कोड पुसून गाडी परत देतात आणि दिवा विझलेला पाहून आपण खूश होतो. कोड पुसताना संगणकाच्या स्वतःच्या चाचण्याही शून्यावर येतात आणि त्या पुन्हा पूर्ण व्हायला वेळ लागतो. पुष्कळ कोड तर सलग दोन फेऱ्यांत दोष दिसल्यावरच दिवा लावतात. म्हणून पुसण्याआधी कोडसोबत साठवलेली नोंद, म्हणजे दोष आला तेव्हाचा वेग, तापमान, आरपीएम, मोबाइलवर टिपून घ्यावी. मग रात्रभर थंड झालेली गाडी सकाळी चालू करावी, दोन मिनिटं तिथेच उभं राहून ऐकावं, आणि शिरसाडहून अहमदाबाद महामार्गाला लागून वीस-पंचवीस मिनिटं एका वेगाने जाऊन यावं. असं दोन-तीन दिवस केल्यावर स्कॅनर पुन्हा लावावा आणि मगच गॅरेजचा हिशेब मिटवावा.