तोफेची डावी बाजू

पंचवीस पाउंडर तोफेचं एकास चार मापाचं मॉडेल करायला घेतलं 2016 च्या पावसाळ्यात आणि लोकांपुढे पहिल्यांदा मांडलं 2019 च्या गणपतीत. ते अजून पुरं झालेलं नाही असं घरचे म्हणतात. त्यांचं खरं आहे. पण या काळात त्याच तोफेकडे लोकांनी किती तऱ्हांनी पाहिलं, आणि ते बघताबघता माझं तिच्याकडे बघणं कसं बदलत गेलं, हे आता लिहून ठेवायला हरकत नाही.

नाशिककरांना तोफांचं अप्रूप नाही. देवळालीच्या रेंजवर फायरिंग सुरू झालं की वाऱ्याच्या दिशेप्रमाणे आवाज येतो, खिडकीची तावदानं थरथरतात, आणि चहा पिणारा माणूस कप खाली न ठेवता ‘आज चालू दिसतंय’ एवढंच म्हणतो. तोफखान्याचं स्कूल ऑफ आर्टिलरी इथलंच. तेव्हा मॉडेल करायचं तर तोफेचं, हे ठरलेलं होतं. कुठल्या तोफेचं, एवढाच प्रश्न होता. नव्या तोफांची मापं कुणी हातात देणार नाही, आणि मागूही नयेत. पंचवीस पाउंडर मात्र जुनी, सगळ्यांची ओळखीची. युद्धकाळातल्या तिच्या हँडबुकांच्या प्रती मिळतात, आणि छावण्यांच्या दारांशी रंग देऊन उभ्या केलेल्या तोफाही दिसतात. शिवाय दर 26 जानेवारीला दिल्लीत राष्ट्रगीताबरोबर 21 तोफांची सलामी व्हायची ती याच तोफांनी. सात तोफा आळीपाळीने, 52 सेकंदांत.

ही तोफ ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर आखली ती काटकसरीतून. आधी त्यांच्याकडे सपाट मारा करणारी 18 पाउंडर होती आणि उंच कमान टाकून मारा करणारी 4.5 इंची हॉवित्झर. दोघींचं काम एकीनेच करावं म्हणून ही आली. नळीचा आतला व्यास 87.6 मिलिमीटर, गोळा 25 पाउंडांचा म्हणजे साडेअकरा किलोच्या आसपास, पल्ला सव्वाबारा किलोमीटर. 1942 च्या ऑक्टोबरात एल अलामेनला ज्या आठशेवर तोफा रात्री एकदम धडाडल्या त्यांत बहुतेक ह्याच. 1944 मध्ये इम्फाळ-कोहिमाला ह्याच. स्वातंत्र्यानंतर आपल्या फौजेने 1965 आणि 1971 मध्येही त्या वापरल्या. इतकी वर्षं एकच हत्यार टिकतं तेव्हा त्याच्या आखणीत काहीतरी बरं असतं, असं मला टूलरूममधल्या सवयीने वाटलं.

एकास चार म्हणजे काय, हे कागदावर सोपं दिसतं. 4.6 मीटर लांबीची तोफ 115 सेंटिमीटरची होते, नळीचं भोक 22 मिलिमीटरचं. पण लांबी चौथा भाग झाली तर वजन चौसष्टावा भाग होतं. अस्सल तोफ पावणेदोन टनांच्या आसपास. त्याच धातूत, त्याच जाडीच्या हिशेबात केलं तर मॉडेल 27-28 किलोचं. जिन्यावरून ते खाली कोण नेणार? म्हणून नळी अॅल्युमिनियमच्या सळईतून काढली, ब्रीच, म्हणजे गोळा भरायचं मागचं तोंड, तेवढं माइल्ड स्टीलचं ठेवलं, ट्रेल, म्हणजे मागे जमिनीला टेकणारा दांडा, एक मिलिमीटरच्या पत्र्याची. नळी आरपार पोकळ केली नाही. तोंडाकडून काही इंच बोअर केलं, मागे सळई भरीव. ‘यात सुतळी बॉम्ब टाकला तर?’ हा प्रश्न दरवर्षी येतो. त्याला हे उत्तर आहे, आणि शस्त्र कायद्याच्या वाटेला जायची मला हौसही नाही.

लेथचं काम अंबडच्या एमआयडीसीत मित्राच्या शेडमध्ये, रविवारी, भाडं म्हणून मिसळ. सगळ्यात जिकिरीची गोष्ट निघाली टायर. बाजारात त्या मापाचं रबरी चाक मिळतं, पण ते खेळण्यातलं दिसतं. शेवटी ट्रकच्या मडफ्लॅपचं रबर आणून त्याच्या चकत्या कापल्या, एकावर एक डिंकवल्या, मधून बोल्ट घालून लेथवर चढवल्या आणि ग्राइंडर लावून गोल केल्या. शेडमध्ये जळक्या रबराचा असा वास भरला की शेजारच्या कारखान्यातला सुपरवायझर ‘वायर जळली का’ म्हणून धावत आला. टायरवरची नक्षी मग करवतीच्या पात्याने, एकेक खाच मोजून. बघणाऱ्यांतला एकही माणूस टायरबद्दल कधी काही बोललेला नाही, आणि टायर बरोबर झाल्याची खूण तीच.

खरी तोफ डागली की नळी मागे सरकते आणि तेल-हवेच्या यंत्रणेने पुन्हा पुढे येते. नळी जितकी वर रोखलेली तितकी माघार कमी ठेवतात, नाहीतर ब्रीच जमिनीवर आदळेल. मॉडेलमध्ये स्प्रिंग घातली तर नळी खटकन पुढे येऊन आपटत होती. उंदराचा सापळाच तो. उपाय सुताराने सुचवला. स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटाची झडप तोलून धरतो तो छोटा गॅस पंप क्रेडलमध्ये, म्हणजे नळी ज्यावर सरकते त्या पाळण्यात, दडवला. आता नळी हाताने मागे ओढून सोडली की ती सावकाश, चालीत पुढे येते. लहान मुलं हे वाटेल तितक्या वेळा करतात.

पहिलं प्रदर्शन कॉलनीच्या गणपती मंडळात. देखावा जवानांवर होता आणि तोफ त्यातलं आकर्षण. ती कुठे तोंड करून ठेवायची यावर कार्यकर्त्यांची बैठक झाली. गणपतीकडे तोंड करणं शक्यच नव्हतं. लोकांकडे केलं तर आजीबाई नाराज, ‘माझ्या नातवावर तोफ रोखताय काय’ म्हणून. राहिली आडवी. मंडपात आलेल्या माणसाच्या डाव्या हाताला तोफेचं तोंड, आणि तोफेची पुरी डावी बाजू त्याच्यासमोर. ही मांडणी अडचणीतून आली, पण पुढे सगळं त्याच बाजूने घडत गेलं.

त्या दहा दिवसांत एक गोष्ट कळली. सामान्य माणसासाठी तोफ म्हणजे नळी. लोक यायचे, तोंडात डोकावायचे, बोट घालायचे, आणि म्हणायचे, ‘बोफोर्स!’ कारगिलनंतर आपल्याकडे प्रत्येक तोफ बोफोर्स झालेली आहे. पाटी लावली होती, मोठ्या अक्षरात. पाटी वाचूनसुद्धा म्हणायचे. तोंडाशी असलेला मझल ब्रेक, म्हणजे दोन्ही बाजूंना खिडक्या असलेलं नळीचं टोपण, सगळ्यांना शोभेचं वाटायचं. ते मुळात नव्हतंच. रणगाड्यांवर जड चार्ज, म्हणजे जास्त दारू, लावून मारा करायची वेळ आली तेव्हा तोफ जागेवर राहावी म्हणून ते युद्धाच्या मधल्या काळात बसवलं गेलं.

सातव्या दिवशी एक निवृत्त सुभेदार आले. ऐंशीच्या घरातले, ताठ, पांढरा पायजमा-सदरा. नळीकडे त्यांनी पाहिलंही नाही. सरळ डाव्या चाकामागे वाकले, शील्डच्या, म्हणजे पुढच्या ढालीच्या, आतल्या बाजूला नजर टाकली आणि म्हणाले, “अहो, लेअर बघणार कशातून? डायल साइट कुठंय?” डायल साइट, म्हणजे नेम धरायचं उपकरण, तेव्हा व्हायची होती, यादीत ती शेवटी होती. मी तसं सांगितलं. “शेवटी?” ते म्हणाले, “ती असेल तर तोफ. नाहीतर नळीला चाकं लावलेली.”

मग मंडपातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्यांनी मला ड्रिल सांगितली. तोफेवर सहा जण. मागे ट्रेलच्या टोकाशी एक नंबर, तोफेचा कमांडर. उजवीकडे दोन नंबर, ब्रीच उघडणारा आणि गोळा ठासणारा. डावीकडे तीन नंबर, तो लेअर. दिशा आणि चढण ही दोन्ही चाकं त्याच्याच हाताशी. बाकीचे दारूगोळ्यावर. लेअरला शत्रू बहुधा दिसतच नाही. तो मधल्या टेकडीपलीकडे असतो. लेअर बघतो आपल्याच लोकांनी रोवलेल्या खुणेच्या काठ्यांकडे, आणि मिळालेल्या आकड्यांनिशी नळी फिरवतो. “तोंडाकडे बघणारा माणूस तोफेवरचा नाही,” सुभेदार म्हणाले. “तोंडाकडे लक्ष द्यायला आम्हाला वेळ नसे.”

सहा महिन्यांत लॉकडाउन लागलं. अंबडची शेड बंद, लेथ बंद. घरी होतं ते व्हाइस, कानसं, छोटं ड्रिल. त्यात होण्याजोगं एकच काम उरलं होतं, साइट. या तोफेच्या साइटमध्ये एक पितळी शंकू असतो, रेंज कोन. त्यावर चार्जप्रमाणे पल्ल्याच्या खुणा वळत वळत कोरलेल्या. लेअर शंकू फिरवून हुकमातला पल्ला काट्यासमोर आणतो, मग चढणीचं चाक फिरवून पाण्याचा बुडबुडा मधोमध करतो. झालं, नळी हव्या त्या कोनात. त्याला गणित करावं लागत नाही. गणित शंकूवर आधीच कोरलेलं असतं. एकास चार मापात तो शंकू सुपारीएवढा. भिंग लावून, घासलेल्या सुईने रेघा ओढल्या, काळा रंग भरला, वरून पॉलिश पेपर फिरवला. आकडे वाचता येतील एवढेच घातले, सगळे घालणं शक्य नव्हतं. बुडबुड्यासाठी मोबाइलच्या स्टँडमधली चिमुकली लेव्हल उपयोगी पडली.

पुढचं प्रदर्शन एका शाळेत, 2022 मध्ये. यावेळी तोफ मुद्दाम डावी बाजू पुढे करून मांडली, टेबलाची उंची मुलांच्या छातीएवढी, आणि पाटीवर पल्ल्याचा आकडा असा दिला: नाशिक रोड स्टेशनापासून डागली तर गोळा पंचवटी ओलांडून जाईल. शेजारी पितळी काडतूस उभं कापून ठेवलं. या तोफेत गोळा आधी जातो आणि दारूचं काडतूस मागून, वेगळं. काडतुसात तीन रंगांच्या पिशव्या: लाल, पांढरी, निळी. एकट्या लालवर चार्ज एक, लाल-पांढरीवर चार्ज दोन, तिन्ही ठेवल्या तर चार्ज तीन. जवळ मारायचं तर पिशव्या काढून टाकायच्या. आठवीतल्या एका मुलीने विचारलं, “मग पल्ला नळीवर नाही, पिशव्यांवर ठरतो?” शंकू आणि पिशव्या शेजारीशेजारी ठेवून सांगितलं की दोन्हींवर ठरतो. विज्ञानाच्या बाई तेवढ्यात वर्ग तिकडेच घेऊन आल्या.

या काळात तोफेखालचा गोल प्लॅटफॉर्मही तयार झाला. मला विचाराल तर या तोफेतली खरी बुद्धी त्यात आहे. प्रवासात हे चाकासारखं वर्तुळ ट्रेलखाली लटकत येतं. मोर्चावर ते जमिनीवर टाकतात आणि तोफ ओढून त्यावर चढवतात. मग एक माणूस ट्रेलचं टोक उचलून पूर्ण तोफ गरकन कुठेही वळवू शकतो. वाळवंटात रणगाडा कुठून येईल सांगता येत नाही, तिथे याची किंमत कळली. मॉडेलमध्येही एक बोट ट्रेलखाली घालून तोफ पूर्ण फिरते. गणपतीत ती फिरवायला परवानगी नाही, कारण तोंडाचा प्रश्न पुन्हा निघतो.

2023 च्या 26 जानेवारीला दिल्लीत सलामी 105 मिलिमीटरच्या भारतीय बनावटीच्या तोफांनी झाली. पंचवीस पाउंडर त्या कामातून उतरल्या. माझ्या पाटीवर ‘प्रजासत्ताक दिनाच्या सलामीची तोफ’ असं होतं, ते खोडून ‘2022 पर्यंतच्या’ असं करावं लागलं. बदल योग्यच आहे. 1940 च्या दशकातलं हत्यार किती वर्षं ओढायचं? पण टीव्हीवर बघून ‘ही ती 26 जानेवारीची’ म्हणणारे जे थोडे लोक होते, ते आता आणखी कमी होतील. बोफोर्सवाले वाढतील.

28 सप्टेंबर हा तोफखान्याचा दिवस, 1827 मध्ये याच तारखेला बॉम्बे माउंटन बॅटरी उभी राहिली म्हणून. त्या निमित्ताने जमणाऱ्या माजी गनर्सनी एकदा तोफ मागवली. तिथे गर्दी डाव्या चाकापाशी. साइटमध्ये डोळा लावायला रांग. दोघांत बुडबुडा कोण लवकर आणतो याची पैज लागली. त्यात चढणीचं हँडव्हील निसटलं आणि खुर्च्यांखाली हरवलं. तेव्हापासून हँडव्हीलं जादा करून डबीत ठेवतो. काचेच्या पेटीत ठेवा असा सल्ला पुष्कळांनी दिला. पेटी केलीही, पावसाळ्यात धूळ-दमटपणापासून तोफ वाचवायला ती बरी. प्रदर्शनात पेटी घरीच राहते.

आता काम चालू आहे लिंबरचं, ट्रक आणि तोफ यांच्यामध्ये जोडायच्या दारूगोळ्याच्या गाडीचं. आत 32 गोळ्यांचे खण, आणि प्रत्येक गोळा पितळेचा. ओढणारा ट्रक पण करा म्हणतात. पण ट्रक, लिंबर आणि तोफ एका रांगेत लावली तर हॉलमध्ये सोफा राहणार नाही.

मंडळाला या वर्षी ब्रह्मोस हवं आहे. थर्माकोलवर बंदी आहे, तर पुठ्ठ्याची नळकांडी आणि रंग आणून द्या, एका रविवारात करून देतो, असं अध्यक्षांना कळवलंय. लिंबर मात्र थांबवणार नाही.