ओसाका ते चेन्नई, मुंबई ते लंडन : आवडत्या अभिनेत्याच्या भेटीसाठी सीमापार प्रवास

१० ऑगस्ट २०२३ रोजी रजनीकांत यांचा ‘जेलर’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्याचा पहिल्या दिवशीचा खेळ पाहण्यासाठी जपानमधील ओसाका येथून एक दांपत्य चेन्नईत दाखल झाले होते. या वृत्ताची देशभरातील माध्यमांनी कौतुकाने दखल घेतली. मात्र प्रदर्शनाच्या आदल्याच दिवशी स्वतः रजनीकांत हिमालयाच्या प्रवासाला रवाना झाले होते. चाहते हजारो किलोमीटर अंतर कापून ज्या शहरात पोहोचले, तेथे त्यांचा नायक केवळ पडद्यावर उपस्थित होता.

आवडत्या अभिनेत्याला प्रत्यक्ष पाहण्यासाठी परदेशी जाणे ही आज काही मोजक्या धनिकांची हौस राहिलेली नाही. वर्षभर पैसे साठवून सोलला जाणारी भारतीय तरुणी, लंडनच्या नाट्यगृहाबाहेर तासन्‌तास उभा राहणारा विद्यार्थी आणि वांद्र्याच्या बँडस्टँडवर छायाचित्र काढणारा परदेशी पर्यटक हे सारे एकाच प्रवाहाचे भाग आहेत. या प्रवासात भेट घडण्याची शक्यता किती असते, ती कोणत्या मार्गाने घडते आणि चाहत्याची फसगत कोठे होते, याचा हा आढावा.

जपानमध्ये रजनीकांत कसे पोहोचले?

रजनीकांत यांचा ‘मुथू’ हा तमीळ चित्रपट १९९५ मध्ये भारतात प्रदर्शित झाला. जपानी चित्रपट समीक्षक जुन एदोकी यांच्या पाहण्यात तो सिंगापूरमध्ये आला आणि त्यांच्या पुढाकाराने १९९८ मध्ये तो टोकियोत झळकला. ‘ओदोरु महाराजा’, म्हणजे ‘नाचणारा महाराजा’, असे त्याचे जपानी नामकरण झाले. टोकियोच्या शिबुया भागातील ‘सिनेमा राइज’ या चित्रपटगृहात तो सुमारे २३ आठवडे चालला. २०२२ मध्ये ‘आरआरआर’ने मागे टाकेपर्यंत, जवळपास दोन तपे, जपानमध्ये सर्वाधिक कमाई करणारा भारतीय चित्रपट हा मान ‘मुथू’कडे होता. तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी डिसेंबर २००६ मध्ये जपानी संसदेसमोर केलेल्या भाषणातही या लोकप्रियतेचा उल्लेख केला होता.

मराठी वाचकांसाठी या कथेला आणखी एक पदर आहे. १२ डिसेंबर १९५० रोजी बंगळुरूत जन्मलेल्या रजनीकांत यांचे मूळ नाव शिवाजीराव गायकवाड. घरात मराठी बोलली जात असे आणि कुटुंबाचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील जेजुरीजवळचे मावडी कडेपठार असल्याचे सांगितले जाते. बंगळुरूत बसवाहक म्हणून काम करणाऱ्या या तरुणाने १९७५ मध्ये के. बालचंदर यांच्या ‘अपूर्व रागंगल’मधून तमीळ पडद्यावर पदार्पण केले. मराठी घरातील मुलगा कर्नाटकात वाढतो, तमीळमध्ये नायक होतो आणि त्याच्यासाठी जपानी माणूस विमानाचे तिकीट काढतो, एवढा या चाहतेपणाचा पल्ला आहे.

प्रवासाची सोयही पूर्वीपेक्षा सुलभ झाली आहे. भारताने १ मार्च २०१६ पासून जपानी नागरिकांना आगमनानंतर व्हिसा देण्याची सुविधा सुरू केली आणि त्यासाठी निवडलेल्या विमानतळांत चेन्नई व मुंबईचाही समावेश होता. भारतीय चाहत्याची वाट मात्र इतकी सोपी नाही. दक्षिण कोरिया, ब्रिटन, अमेरिका किंवा युरोपातील शेंगेन देशांत जाण्यापूर्वी त्याला व्हिसा घ्यावाच लागतो.

पाहणे, भेटणे आणि ओळख होणे

या विषयातील बराचसा भ्रमनिरास तीन वेगळ्या गोष्टी एकच मानल्यामुळे होतो. पहिली गोष्ट म्हणजे अभिनेत्याला दुरून पाहणे. दुसरी, आयोजित कार्यक्रमात त्याच्यासमोर काही क्षण उभे राहणे. तिसरी, त्याच्याशी माणूस म्हणून ओळख होणे. पहिली गोष्ट नियोजनाने साधता येते. दुसरीसाठी नियोजनासोबत नशीब आणि बहुधा पैसाही लागतो. तिसरी गोष्ट प्रवासाचे तिकीट काढून मिळत नाही.

मुंबईतील दोन ठिकाणे पहिल्या प्रकाराची उत्तम उदाहरणे आहेत. जुहू येथील ‘जलसा’ या निवासस्थानी अमिताभ बच्चन दर रविवारी फाटकापाशी येऊन जमलेल्यांना अभिवादन करीत आले आहेत. वांद्र्यातील ‘मन्नत’समोर शाहरुख खान यांच्या वाढदिवशी, २ नोव्हेंबरला, देशविदेशांतील चाहते गर्दी करतात. परंतु या प्रथा म्हणजे वचन नव्हे. करोना साथीमुळे मार्च २०२० मध्ये ‘जलसा’बाहेरील रविवारची भेट थांबवावी लागली आणि ती दीर्घकाळ बंद राहिली. २ नोव्हेंबर २०२५ रोजी गर्दी नियंत्रणाच्या कारणास्तव बाहेर येता येणार नसल्याचे शाहरुख खान यांनी समाजमाध्यमावरून कळवले आणि चाहत्यांची क्षमा मागितली. त्या दिवसासाठीच प्रवास आखलेल्यांच्या हाती बंगल्याचे फाटक तेवढे आले.

दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण पुन्हा चेन्नईतच सापडते. मे २०१७ मध्ये आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेरीस रजनीकांत यांनी कोडंबक्कम येथील राघवेंद्र कल्याण मंडपात चाहत्यांच्या भेटी घेतल्या. चाहत्यांना जिल्हावार दिवस नेमून देण्यात आले होते आणि प्रवेश ओळखपत्रावर होता. प्रत्येकाच्या वाट्याला काही क्षण आणि एक छायाचित्र येत होते. अशा कार्यक्रमांत प्रवेशाची वाट नोंदणीकृत चाहता मंडळांतून जाते. अचानक दारात येऊन उभ्या राहिलेल्या परदेशी पाहुण्याला तेथे जागा असेलच असे नाही.

परदेशात भेटीचे कोणते मार्ग आहेत?

नाट्यगृह : लंडनच्या वेस्ट एंडमध्ये आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर चित्रपट अभिनेते नियमितपणे नाटकांत काम करतात. प्रयोग संपल्यावर कलाकारांसाठी असलेल्या मागच्या दाराशी, म्हणजे ‘स्टेज डोअर’पाशी, प्रेक्षकांनी थांबण्याची आणि कलाकाराने स्वाक्षरी देण्याची तेथे जुनी प्रथा आहे. बेनेडिक्ट कंबरबॅच यांचे ‘हॅम्लेट’ २०१५ मध्ये लंडनच्या बार्बिकन केंद्रात झाले, तेव्हा तिकिटे वर्षभर आधीच संपली होती. २०२४ मध्ये टॉम हॉलंड यांच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या वेळी ड्यूक ऑफ यॉर्क्स नाट्यगृहाबाहेर गर्दीसाठी कठडे उभारावे लागले. हा मार्ग तुलनेने स्वस्त आहे. शिवाय दाराशी भेट झाली नाही, तरी दोन-अडीच तास तो अभिनेता समोर काम करताना पाहिल्याचे समाधान पदरात पडते.

चित्रपट महोत्सव : टोरंटो येथील महोत्सव १९७६ पासून, तर दक्षिण कोरियातील बुसान महोत्सव १९९६ पासून भरतो. दोन्ही ठिकाणी सर्वसामान्य प्रेक्षकांना तिकिटे मिळतात आणि अनेक खेळांनंतर कलाकार प्रेक्षकांशी संवाद साधतात. याउलट कान महोत्सव मुख्यतः चित्रपट व्यवसायातील मंडळींसाठी आहे. तेथे लाल गालिच्याच्या कठड्याबाहेरून पाहण्यावरच बहुतेकांना समाधान मानावे लागते.

चाहता संमेलने : अमेरिका आणि युरोपातील अनेक कॉमिक संमेलनांत स्वाक्षरी व छायाचित्रासाठी स्वतंत्र शुल्क आकारले जाते. येथे भेट ही उघड विक्रीची वस्तू असते. वेळ सेकंदांत मोजली जाते. पण व्यवहार स्पष्ट असतो. अभिनेत्याचे चित्रीकरण लांबल्यास त्याचे येणे ऐनवेळी रद्द होऊ शकते. त्यामुळे पैसे परत मिळण्याच्या अटी आधीच वाचणे आवश्यक ठरते.

कोरियातील ‘फॅन मीटिंग’ : भारतात कोरियन मालिकांचा प्रेक्षकवर्ग गेल्या काही वर्षांत मोठ्या प्रमाणावर वाढला आहे. तेथील अभिनेत्यांच्या व्यवस्थापन संस्था तिकीट लावून चाहता मेळावे घेतात. गप्पा, खेळ, गाणी आणि अखेरीस निरोपाचे हस्तांदोलन किंवा सामूहिक छायाचित्र असे त्याचे साधारण स्वरूप असते. चाहता मंडळाच्या सदस्यांना तिकीटविक्रीत अनेकदा प्राधान्य मिळते. हे मेळावे आशियातील इतर शहरांतही होतात. त्यामुळे सोलचा विचार करण्याआधी बँकॉक किंवा सिंगापूरचे वेळापत्रक पाहणे खिशाला परवडू शकते.

ओढ कशामुळे निर्माण होते?

डोनाल्ड हॉर्टन आणि आर. रिचर्ड व्होल या अभ्यासकांनी १९५६ मध्ये दूरचित्रवाणी व नभोवाणीच्या प्रेक्षक-श्रोत्यांविषयी लिहिताना एकतर्फी जिव्हाळ्याची संकल्पना मांडली. पडद्यावरील व्यक्ती आपल्याकडे पाहून बोलते, नियमित घरी येते, तिच्या लकबी आपल्या परिचयाच्या होतात. त्यामुळे प्रेक्षकाला ती आपल्या निकटच्या माणसासारखी वाटू लागते. त्या व्यक्तीला मात्र प्रेक्षकाचे अस्तित्वही ठाऊक नसते. या भावनेत विकृत असे काही नाही. आजारपणात, एकटेपणात किंवा घरापासून दूर राहताना अनेकांना तिचा आधार वाटतो. समाजमाध्यमांनी हे अंतर आणखी कमी झाल्याचा भास निर्माण केला आहे. अभिनेता सकाळच्या चहाचे छायाचित्र टाकतो आणि लाखो जणांना ते आपल्यालाच पाठवल्यासारखे वाटते.

परदेशवारीचा निर्णय याच भावनेतून होतो. त्यात एक अपेक्षाही दडलेली असते, ती म्हणजे इतक्या दुरून आल्याचे समोरच्याला कळावे. अभिनेत्याच्या बाजूने मात्र तो दिवस शेकडो चेहऱ्यांचा असतो. हे आधीच उमगले, तर तीस सेकंदांची भेटही पुरेशी वाटते. उमगले नाही, तर तीच भेट घरी परतताना बोचत राहते.

फसवणूक कोठे होते?

याच भावनेचा लाभ भामटेही घेतात. अभिनेत्याच्या नावाने बनावट खाते उघडले जाते, खासगी संदेश येतो, काही आठवड्यांत जवळीक वाढते आणि मग ‘भेटीचे शुल्क’, ‘सदस्यत्व कार्ड’ किंवा ‘अडकलेल्या पार्सलचा कर’ अशी मागणी सुरू होते. सप्टेंबर २०२४ मध्ये स्पेनच्या पोलिसांनी अभिनेता ब्रॅड पिट असल्याची बतावणी करून दोन महिलांना ३ लाख २५ हजार युरोंना फसवणाऱ्या टोळीवर कारवाई केली. जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्समधील एका महिलेची याच अभिनेत्याच्या नावाने ८ लाख ३० हजार युरोंची फसवणूक झाल्याचे उघड झाले. त्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली छायाचित्रे वापरण्यात आली होती. ही कहाणी प्रसिद्ध झाल्यानंतर समाजमाध्यमांवर त्या महिलेची इतकी खिल्ली उडवली गेली, की संबंधित वाहिनीला कार्यक्रम मागे घ्यावा लागला. फसवल्या गेलेल्या चाहत्याला मदतीऐवजी हसे पदरी येते आणि म्हणूनच अशा तक्रारी पोलिसांपर्यंत उशिरा पोहोचतात.

खरा अभिनेता चाहत्याकडे खासगी संदेशातून पैसे मागत नाही, हा साधा निकष कायम लक्षात ठेवण्याजोगा आहे. भारतात अशी फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवता येते. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

चाहतेपणाची मर्यादा

मार्च २०२३ मध्ये गुजरातमधून आलेले दोन तरुण शाहरुख खान यांना भेटण्याच्या इच्छेने ‘मन्नत’च्या आवारात शिरले आणि काही तास आत लपून राहिले. त्यांना अटक झाली. हेतू प्रेमाचा असला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो घरातील अतिक्रमणाचाच प्रकार ठरतो. दक्षिण कोरियात कलाकारांचा खासगी आयुष्यात पाठलाग करणाऱ्यांना ‘सासेंग’ म्हणतात. तेथे ऑक्टोबर २०२१ पासून पाठलागविरोधी स्वतंत्र कायदा लागू आहे. परदेशी नागरिकाने असे कृत्य केल्यास शिक्षेसोबतच देशाबाहेर पाठवणी आणि पुढील प्रवेशबंदी हे परिणामही संभवतात.

गर्दीचा धोकाही तितकाच खरा आहे. ४ डिसेंबर २०२४ रोजी हैदराबादमधील संध्या चित्रपटगृहात ‘पुष्पा २’च्या विशेष खेळासाठी अभिनेता अल्लू अर्जुन आले असताना झालेल्या चेंगराचेंगरीत एका महिलेचा मृत्यू झाला आणि तिचा लहान मुलगा गंभीर जखमी झाला. भाषा, रस्ते आणि बाहेर पडण्याच्या वाटा ठाऊक नसलेल्या परदेशी चाहत्यासाठी अशी गर्दी अधिकच धोकादायक ठरते.

जाण्यापूर्वी काय पाहावे?

कार्यक्रमाची घोषणा अभिनेत्याच्या अथवा आयोजकांच्या अधिकृत माध्यमावरूनच पडताळावी. व्हिसा हाती येण्यापूर्वी परत न मिळणाऱ्या रकमेची तिकिटे काढू नयेत. व्हिसाच्या अर्जात प्रवासाचा हेतू पर्यटन किंवा कार्यक्रमास उपस्थिती असा स्पष्ट आणि खरा लिहावा. तिकिटावर नाव छापलेले असल्यास ते पारपत्रावरील नावाशी जुळते की नाही, हे तपासावे. दुसऱ्याकडून चढ्या दराने घेतलेले तिकीट दारात नाकारले जाऊ शकते. भेटवस्तू स्वीकारण्याविषयी अनेक संस्थांचे कडक नियम असतात. पत्र मात्र बहुतेक ठिकाणी चालते. आणि प्रवासाची आखणी अशी असावी, की भेट झाली नाही तरी ते शहर, ते नाटक अथवा तो चित्रपट यांचा आनंद शिल्लक राहावा.

ओसाकाहून आलेल्या त्या दांपत्याने चेन्नईच्या चाहत्यांसोबत बसून ‘जेलर’ पाहिला. नायक तेव्हा हिमालयाच्या वाटेवर होता. पडद्यावर त्याचे आगमन होताच उसळणारा जल्लोष मात्र चेन्नईच्या त्या प्रेक्षागृहांतच अनुभवता येतो आणि त्यासाठी रजनीकांत शहरात असण्याची गरज नसते.