स्मरणचित्र : आठवलेले की पाठ केलेले?

१९८४ साली मी एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला बसलो. स्मरणचित्राच्या पेपरात 'आठवडी बाजार' हा विषय होता आणि मी वेळेच्या आधीच चित्र पुरे केले. त्यात नवल नव्हते. तेच चित्र मी एका मार्गदर्शक पुस्तिकेवरून आठ दिवस रोज काढत होतो. डावीकडे भाजीवाली, उजवीकडे छत्री घेतलेला म्हातारा, मागे नारळाची दोन झाडे. मोहाडी तालुक्यातल्या आमच्या गावच्या बाजारात नारळाचे एकही झाड नव्हते. तिथे एक जुनी चिंच होती आणि तिच्या सावलीची जागा मिळावी म्हणून दुकानदार पहाटेपासून भांडत. ती चिंच मी कधीच काढली नाही. मी पास झालो, आणि आपले काही चुकले आहे हे समजायला पुढची वीस वर्षे गेली.

महाराष्ट्रात शाळेत चित्रकला शिकणे म्हणजे बहुतेकांसाठी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन शासकीय श्रेणी परीक्षा. दरवर्षी राज्यभरातली लाखो मुले त्यांना बसतात. या परीक्षा मुलांना नेमके काय शिकवू पाहतात आणि वाटेत काय हरवते, हे आपल्या जिल्ह्याच्या संदर्भात तपासावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

चार पेपर, चार सवयी

एलिमेंटरीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन असे चार पेपर असतात. इंटरमिजिएटमध्ये तेच विषय वरच्या पातळीवर येतात, भूमितीत घनभूमितीची भर पडते आणि रंगकामाची अपेक्षा वाढते. वरवर हे चार वेगळे विषय वाटतात. प्रत्यक्षात त्या चार सवयी आहेत : बघणे, लक्षात ठेवणे, रचना करणे आणि मोजणे.

वस्तुचित्र घ्या. भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव म्हणून ओळखले जाते, तेव्हा उदाहरण पितळेच्या गुंडाचेच घेऊ. मुलासमोर गुंड ठेवला की ते तोंडाचा गोल लंबवर्तुळ म्हणून बरोबर काढते, पण बूड मात्र सरळ रेघेने संपवते. गुंड जमिनीवर सपाट बसला आहे हे त्याला माहीत असते, म्हणून हात सरळ रेघ ओढतो. डोळ्यांना दिसते ते वेगळे. गोल वस्तू डोळ्यांच्या पातळीवर असेल तर तिचा काठ रेघेसारखा दिसतो. ती पातळीच्या जितकी खाली जाईल तितके लंबवर्तुळ उघडत जाते. बूड तोंडापेक्षा खाली असते, म्हणून त्याची वक्ररेषा तोंडापेक्षा अधिक गोलाईची हवी. हे एकदा उमगले की मुलाच्या वहीतले भांडे जमिनीवर नीट बसते.

छायाप्रकाशाचेही तसेच. मातीच्या माठावर उजेड हळूहळू मावळत जातो. घासलेल्या पितळेवर तो तुटक पट्ट्यांत पडतो आणि सगळ्यात गडद छटा पुष्कळदा सगळ्यात उजळ जागेला लागूनच असते. माठासारखी छटा गुंडाला दिली तर गुंड मातीचा दिसतो. आपल्याला ठाऊक असलेले बाजूला ठेवून समोर दिसणारे काढणे हा वस्तुचित्राचा सारा अभ्यास आहे.

संकल्पचित्रात नजर आकारांच्या आपसातल्या नात्याकडे वळते. त्याचा उत्तम धडा आपल्याकडे साडीच्या काठात विणलेला आहे. करवती किनारीची कोशाची साडी, जिला करवत काटी म्हणतात, तिला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिचे अंग आणि दोन्ही काठ वेगवेगळ्या धोट्यांनी विणतात आणि जिथे दोन रंग एकमेकांत अडकतात तिथे करवतीचे दाते तयार होतात. हे दाते नीट पाहिले तर कळते की काठाच्या दोन दात्यांमधली मोकळी जागाही एक दाताच आहे, उलटा आणि अंगाच्या रंगाचा. भरीव आकाराइतकाच मोकळा आकार महत्त्वाचा असतो, हे तत्त्व फळ्यावर समजावायला तास लागतो. साडीचा काठ हातात दिला तर मूल ते स्वतः शोधते.

भूमिती आणि अक्षरलेखनाकडे मुले कंटाळवाणा पेपर म्हणून बघतात. पण झाडीपट्टीतल्या नाटकांचे फलक आणि दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांचे पोट याच शिस्तीवर चालत होते. फ्लेक्स आल्यावर ते काम गेले.

ही शिडी आली कुठून?

मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ मध्ये कलाशाळा सुरू झाली. पुढे तिच्या शिक्षणावर लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन पद्धतीची छाप पडली. त्या पद्धतीचा उद्देश कारागीर आणि आरेखक घडवणे हा होता. आधी रेषा, मग नक्षी, मग भूमिती, मग घनवस्तू असा पायऱ्यापायऱ्यांचा क्रम आणि प्रत्येक पायरीवर परीक्षा. आपल्या श्रेणी परीक्षांचे मूळ या विचारात आहे. भंडारा तेव्हा मध्यप्रांतात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६५ मध्ये राज्याचे स्वतंत्र कला संचालनालय झाले आणि या परीक्षा तेच घेते.

विदर्भात मात्र मधल्या काळात अगदी वेगळा प्रयोग झाला होता, आणि तो आपल्या कलाशिक्षकांनाही फारसा ठाऊक नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेतून नई तालीमची कल्पना पुढे आली. १९४४ मध्ये शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले आणि पुढे बरीच वर्षे तिथे राहिले. त्यांच्या दृष्टीने मुलाचे चित्र हे मोठ्यांच्या चित्राची अपुरी नक्कल नव्हते. ती त्या वयाची स्वतःची भाषा होती. म्हणून शिक्षकाने मुलासमोर नमुना ठेवू नये, त्याच्या अनुभवाला वाट करून द्यावी. हे अनुभव त्यांनी पुढे पुस्तकरूपाने मांडले. त्याचे शीर्षकच कलेला शिक्षणाचा पाया म्हणते.

एका परंपरेचा भर हाताच्या शिस्तीवर, दुसरीचा मनाच्या मोकळेपणावर. शाळेच्या पातळीवर या दोन्ही जिथे भेटू शकतात असा पेपर एकच आहे : स्मरणचित्र.

स्मरणाचे पाठांतर

स्मरणचित्राला समोर काही ठेवत नाहीत. बाजार, पोळा, शेतातली कामे असा विषय देतात. मुलाने अनुभवलेले दृश्य त्याला मनात पुन्हा उभे करायचे असते. माणसांची शरीरे, जवळ-दूरचे प्रमाण, रंगसंगती ही शिस्त हवीच, पण पाहणी स्वतःची हवी. तयारी मात्र उलट होते. संभाव्य दहा विषयांची दहा चित्रे ठरतात, मुले ती घोटतात आणि कोणताही विषय आला तरी त्यांतलेच एखादे थोडे फिरवून बसवतात. नाव स्मरणचित्र आणि काम पाठांतराचे.

काही वर्षांपूर्वी लाखांदूर तालुक्यातल्या एका शाळेत सरावाची चित्रे बघत होतो. विषय होता रोवणी. चाळीसेक चित्रांत बाया आपल्याकडे तोंड करून, हसत, पऱ्हे लावत होत्या. एका मुलीच्या चित्रात मात्र नुसत्या वाकलेल्या पाठी होत्या. चिखलाच्या पाण्यात लुगड्यांचे रंग उतरलेले आणि खाली कोपऱ्यात धुऱ्यावर ठेवलेला डबा. सरांनी तिला चेहरे काढायला सांगितले. ती म्हणाली, "सर, तोंडं दिसतच नव्हती मले." आईचा डबा घेऊन ती धुऱ्यावर उभी राहत असे, तिथून पाठीच दिसत. सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "राहू दे मग." परीक्षेत त्या मुलीला 'ब' श्रेणी मिळाली. घोटलेली चित्रे काढणाऱ्या दोघा-तिघांना 'अ'.

याचा राग परीक्षकावर काढणे सोपे आहे. पण ढीगभर कागद तपासणाऱ्याला ठरावीक सफाई आधी दिसणारच. शिवाय दहावीच्या निकालात इंटरमिजिएटच्या 'अ' श्रेणीला ७, 'ब'ला ५ आणि 'क'ला ३ वाढीव गुण मिळतात. या गुणांमुळे चित्रकलेकडे ढुंकूनही न बघणारे पालक मुलांना रंगपेटी घेऊन देतात, हे खरे. त्याच गुणांमुळे चित्र हे मिळकतीचे साधन होते आणि मग घोटलेला, बिनधोक मार्ग सगळ्यांना बरा वाटतो, हेही तितकेच खरे.

पुढच्या पायऱ्या

घोटलेल्या चित्राचे नुकसान दहावीनंतर कळते. कला शिक्षक पदविका करायची तर इंटरमिजिएट उत्तीर्ण असावे लागते. चित्रकलेच्या पदवीसाठी बारावीनंतर राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा आहे. तिच्यात सामान्य ज्ञानाच्या जोडीला पेपर कोणते? वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र. म्हणजे आठवीत घातलेल्या पायावरच अठराव्या वर्षी प्रवेश ठरतो. आपल्याला सर्वांत जवळचे शासकीय चित्रकला महाविद्यालय नागपूरला, साठेक किलोमीटरवर. शहरातली मुले खासगी वर्गांत तयारी करून येतात. पवनी-साकोलीकडच्या मुलापाशी त्याचा शाळेतला पाया तेवढा असतो.

तो पाया घालणारा माणूसच आता कमी होत चालला आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कलाशिक्षण हवे असे सांगितले. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी कलेचा अंशकालीन निदेशक धरला, तोही शंभरावर पटसंख्या असलेल्या शाळेत. लहान गावांतल्या शाळांचा पट तिथवर पोचत नाही. मग चित्रकलेचा तास गणिताचे किंवा मराठीचे सर घेतात, आणि त्यांच्या हाती ती मार्गदर्शक पुस्तिकाच असते.

अशा शिक्षकालाही एक गोष्ट खर्चाशिवाय करता येईल. चित्र काढण्याआधी मुलांना विचारावे : तू कुठे उभा होतास? तुझ्या सर्वांत जवळ काय होते? काय झाकले गेले होते? या तीन प्रश्नांची उत्तरे पुस्तिकेत नसतात, आणि त्यांत यथार्थदर्शन, प्रमाण आणि रचना यांचा निम्मा पाठ येऊन जातो.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा गावोगावच्या मंडया सुरू झालेल्या असतील. घरातले आठवी-नववीतले मूल दंडार बघून, पाळण्यात बसून परत आले की त्याला दुसऱ्या दिवशी एक कोरा कागद द्या आणि हेच तीन प्रश्न विचारा. माझ्याकडे अजून एक चित्र बाकी आहे. त्या चिंचेचे. ती आता उभी नाही, पण सावली कुठवर पडायची ते मला आठवते.