मृगातील तरुण सूर्य

सूर्य आपणांस शांत आणि स्थिर भासतो. नेमलेल्या वेळी तो उगवतो, नेमलेल्या वेळी मावळतो. परंतु १ सप्टेंबर १८५९ रोजी त्याने आपले दुसरे रूप प्रकट केले. इंग्लंडमधील ज्योतिर्विद रिचर्ड कॅरिंग्टन हे सूर्यावरील डागांचे चित्र रेखाटीत असता, त्या डागांवर अत्यंत तेजस्वी असे दोन ठिपके एकाएकी चमकले आणि काही मिनिटांतच लोप पावले. ती सौरज्वाला होती. पुरता एक दिवसही लोटला नाही, तोच पृथ्वीवर चुंबकीय वादळ उसळले. अनेक ठिकाणची तारायंत्रे बिघडली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतही त्या वादळाची नोंद झाली.

अशी ज्वाला का उसळते? सूर्य हा तप्त आणि विद्युद्भारित वायूचा गोल आहे. त्या वायूच्या हालचालींमुळे सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राला पीळ पडत जातो. हा पीळ फार वाढला, की चुंबकीय रेषा तुटून नव्याने जोडल्या जातात आणि साठलेली ऊर्जा क्षणार्धात मोकळी होते. तेथील वायू एक कोटी अंशांहूनही अधिक तापतो. इतका तप्त वायू मुख्यत्वेकरून क्ष-किरण बाहेर टाकतो.

दूरच्या ताऱ्यांवरही अशा ज्वाला उसळतात. परंतु भर दुपारी लावलेली पणती जशी उन्हात दिसेनाशी होते, तशी बहुतेक ज्वालांची चमक ताऱ्याच्या नित्याच्या प्रकाशात हरवून जाते. क्ष-किरणांत मात्र ताऱ्याचा पृष्ठभाग जवळजवळ काळोखा असतो. म्हणून तेथे ज्वाला स्पष्ट उठून दिसते.

येथे दोन अडचणी येतात. पहिली अशी, की पृथ्वीचे वातावरण क्ष-किरणांना अडविते. म्हणून दुर्बीण अंतराळात न्यावी लागते. दुसरी अशी, की समोरून पडलेले क्ष-किरण साध्या आरशावरून परत फिरत नाहीत, ते त्यात शिरतात. परंतु तळ्यात तिरपा भिरकावलेला चपटा दगड जसा पाण्यावरून उड्या घेत जातो, तसे अगदी तिरपे आलेले क्ष-किरण गुळगुळीत आरशावरून पुढे वळतात. १९९९ साली अवकाशात सोडलेल्या ‘चंद्रा’ या दुर्बिणीचे आरसे याच तत्त्वावर बसविलेले आहेत. थोर शास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या स्मरणार्थ तिला हे नाव दिलेले आहे.

मुलांनो, हिवाळ्याच्या रात्री तुम्ही मृग नक्षत्र पाहिले असेल. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाच्या तीन तारका एका ओळीत दिसतात. त्यांच्या जवळच एक अंधुक तेजोमेघ आहे. तेथे नवे तारे जन्म घेतात. २००३ सालच्या जानेवारीत ‘चंद्रा’ने सुमारे तेरा दिवस या मेघाचे निरीक्षण केले. तेथे सोळाशेहून अधिक क्ष-किरण-स्रोत आढळले. त्यांपैकी सूर्याएवढ्या वस्तुमानाचे २८ तरुण तारे शास्त्रज्ञांनी बारकाईने अभ्यासले. प्रत्येक ताऱ्यावर सरासरी आठवड्यास एक प्रचंड ज्वाला उसळत होती आणि आपल्या सूर्यावरील मोठ्या ज्वालाही तिच्यापुढे फिक्या ठराव्यात!

या ताऱ्यांचे वय अवघे काही लक्ष वर्षांपासून काही दशलक्ष वर्षांपर्यंत आहे. आपला सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षांचा आहे. तरुण तारा स्वतःभोवती वेगाने फिरतो, म्हणून त्याचे चुंबकीय क्षेत्र प्रबळ असते. वय वाढते तसा हा वेग मंदावतो आणि ज्वालाही ओसरतात.

आपल्या सूर्याचे बालपण पाहण्यास कोणीही नव्हते. पण मृगातील त्याच्या धाकट्या भावंडांकडे पाहून ते आज आपणांस कळते. सूर्य आता शांत झाला आहे, तरी तो अगदी निवलेला नाही. १८५९ साली तारायंत्रेच बिघडली. आज तसे वादळ उसळले, तर वीजपुरवठा व उपग्रह यांनाही धोका पोहोचेल. म्हणूनच दूरच्या ताऱ्यांचा हा अभ्यास आपल्या घरातील दिव्याशीही निगडित आहे.