उन्हाळ्यांतील पाहुणचार : चिंबोरीचे कटलेट

रायगड जिल्ह्यांतील, म्हणजे १९८१ पूर्वींच्या कुलाबा जिल्ह्यांतील, पेण आणि रोहें या दोन गांवांचें खाडीशीं जुनें नातें आहे. पेणच्या पश्चिमेस धरमतरची खाडी पसरलेली आहे. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंड्यापाशीं समुद्रास मिळते. या खाड्यांच्या चिखलांत व खारफुटीच्या मुळांशीं राहणारी चिंबोरी कोंकणी घरांत बहुधा कालवणाच्या रूपानेंच पानांत येते. परंतु सुट्टींत मुंबई-पुण्याचे पाहुणे आले असतां कवच फोडीत बसणें सर्वांस जमतेंच असें नाहीं. अशा वेळीं अमेरिकेंतील चेसापीक उपसागराच्या कांठीं लोकप्रिय असलेल्या पदार्थाच्या धर्तीवर गर काढून कटलेट करणें सोयीचें ठरतें.

पहिली परीक्षा बाजारांतच करावी लागते. चिंबोरी जिवंत व आकारमानाच्या मानानें जड असावी. वाढीसाठीं तिला वेळोवेळीं जुनें कवच टाकावें लागतें. नव्या कवचांत मांस कमी आणि पाणी अधिक असतें. म्हणून मोठी दिसणारी चिंबोरीहि कित्येकदां पोकळ निघते. मेलेली चिंबोरी स्वस्त मिळाली तरी घेऊं नये. उन्हाळ्यांत तिचें मांस फार लवकर नासतें, आणि शिजवल्यानें जंतु मेले तरी त्यांनीं आधींच निर्माण केलेलें कांहीं विष तसेंच राहतें. पोटाखालीं अंड्यांचा पुंजका असलेली मादीहि घेऊं नये. पुढील वर्षांची चिंबोरी तिच्यावरच अवलंबून असते.

चिंबोऱ्या बर्फांत ठेवून निश्चेष्ट कराव्या, स्वच्छ धुवाव्या व मिठाच्या उकळत्या पाण्यांत १५ ते २० मिनिटें शिजवाव्या. निवाल्यावर पिसांसारखे कल्ले टाकून द्यावे व गर काढावा. कवचाचे बारीक तुकडे राहूं नयेत म्हणून तो बोटांनीं दोनदां तपासावा. एक किलो चिंबोऱ्यांतून सुमारें पाव किलो गर निघतो.

शिजलेला गर स्वतः चिकटून राहत नाहीं. यासाठीं परदेशांत बिस्किटाचा किंवा पावाचा चुरा वापरतात; पेणच्या घरांत त्याहून उत्तम वस्तु डब्यांतच असते, ती म्हणजे पोहे. भात भिजवून, भाजून व कांडून पोहे होत असल्यामुळें त्यांतील पिष्ट आधींच शिजलेलें असतें आणि ओलावा लागतांच तें फुगतें. पाव किलो गरास तीन चमचे पोह्यांची भरड, एक अंडें, बारीक चिरलेला अलिबागचा पांढरा कांदा, आलें, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ व लिंबाचा रस पुरे. गर वाटूं नये, हलक्या हातानें कालवावा. मिश्रण अर्धा तास थंड जागीं ठेवल्यास पोहे ओल शोषून घेतात व कटलेट तव्यावर फुटत नाहींत. रव्यांत घोळवून थोड्या तेलांत दोन्ही बाजूंनीं तांबूस होईपर्यंत भाजावे. कैरीची चटणी व सोलकढी यांची त्यांस चांगली जोड मिळते.

आमंत्रण देतांनाच पाहुण्यांस कोळंबी वा खेकडा बाधतो काय, हें विचारून घ्यावें. कांहींच्या बाबतींत ही बाधा जिवावर बेतते. तयार कटलेट उन्हाळ्याच्या उष्म्यांत तासाहून अधिक बाहेर ठेवूं नयेत. पानांवर माणसें बसल्यावर तवा चुलीवर चढविणें, हाच या पदार्थाचा खरा पाहुणचार होय.