समुद्रावरील वाटेचे नियम

भूमीवर वाट आखलेली असते. तिला कडा असतात, वळणे असतात, चौकात दिवे असतात व पोलिस उभा असतो. समुद्रावर यांपैकी काहीच नसते. चोहोकडे पाणी आणि वर आकाश. एवढ्या विस्तीर्ण जागेत दोन जहाजांची टक्कर होईलच कशी, असे कोणासही वाटेल. परंतु जगातील मोठी बंदरे मोजकी, आणि त्यांच्याकडे जाणारे सोयीचे मार्गही मोजकेच. त्यामुळे अफाट सागरातही जहाजांची गाठ वारंवार पडते. शिवाय जहाजाला मोटारीसारखे एकाएकी थांबता येत नाही. मालाने भरलेले प्रचंड तेलवाहू जहाज यंत्र उलटे फिरवले, तरी काही किलोमीटर पुढे गेल्यावाचून थांबत नाही. म्हणून धोका दुरूनच ओळखावा लागतो, आणि कोणी कोणाला वाट द्यावयाची हे आधीच ठरलेले असावे लागते.

आगबोटींची संख्या वाढू लागली, तेव्हा १८४० साली लंडन येथील ट्रिनिटी हाउस या संस्थेने त्यांच्यासाठी वाटेचे नियम घालून दिले. पुढे निरनिराळी राष्ट्रे एकत्र आली आणि सर्वांसाठी एकच नियम असावेत असे ठरले. १९७२ साली तयार झालेले आंतरराष्ट्रीय नियम १५ जुलै १९७७ पासून अमलात आले. भारताने ते मान्य केले असून आज जगभर तेच पाळले जातात.

धोका ओळखण्याची रीत सोपी आहे. दूरवर दिसणारे जहाज कोणत्या दिशेस आहे, हे होकायंत्राने मोजतात व थोड्या वेळाने पुन्हा मोजतात. ही दिशा चांगलीच बदलत असेल, तर ते जहाज सहसा पुढून किंवा मागून निघून जाते. परंतु दिशा तीच राहून अंतर मात्र कमी होत असेल, तर टक्कर होणार असे समजावयाचे.

यंत्रावर चालणारी दोन जहाजे अगदी समोरासमोर आली, तर दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळावे, असा नियम आहे. मग ती एकमेकांना डावी बाजू देऊन सुखरूप निघून जातात. भारतातील रस्त्यांवर वाहने डाव्या बाजूने जातात. समुद्रावरची रीत याच्या उलट आहे. दोन जहाजांचे मार्ग एकमेकांस छेदत असतील, तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरे जहाज आहे, त्याने बाजू द्यावी. शक्यतो दुसऱ्याच्या पुढून न जाता त्याच्या मागून जावे. आणि जो मागून येऊन पुढे जाऊ पाहतो, त्याने पुढच्यापासून दूर राहावे. मग ते जहाज यंत्राचे असो वा शिडाचे.

रात्री हे सारे दिव्यांवरून कळते. प्रत्येक जहाजाच्या डाव्या बाजूस तांबडा, उजव्या बाजूस हिरवा आणि मागे पांढरा दिवा असतो. यंत्राच्या जहाजाच्या डोलकाठीवर पुढे प्रकाश टाकणारा आणखी एक पांढरा दिवा असतो. समोर तांबडा आणि हिरवा असे दोन्ही दिवे दिसले, तर जहाज सरळ अंगावर येत आहे. उजव्या हाताला केवळ तांबडा दिवा दिसला, तर ते जहाज उजवीकडून डावीकडे जात आहे. त्याला वाट द्यावयाची. त्याच वेळी त्या जहाजावरील कप्तानास इकडचा हिरवा दिवा दिसत असतो. चौकातील दिव्यांप्रमाणेच येथेही तांबडा रंग एकाला आवरतो आणि हिरवा रंग दुसऱ्याला जाऊ देतो.

ज्याला वळणे सोपे, त्याने वळणे ज्याला अवघड त्याला सांभाळून घ्यावे, हेही या नियमांचे एक सूत्र आहे. यंत्राच्या जहाजाने शिडाच्या गलबतास वाट द्यावी. हर्णैच्या किंवा वर्सोव्याच्या मच्छीमाराने जाळे टाकलेले असेल, तर त्याला चटकन बाजूला होता येत नाही. म्हणून या दोघांनीही त्याच्यापासून दूर राहावे. मात्र बंदराच्या अरुंद जलमार्गात मोठ्या जहाजाला बाजूच्या उथळ पाण्यात जाता येत नाही. तेथे लहान नौकांनी त्याची वाट अडवू नये.

मनातील हेतू दुसऱ्यास कळावा म्हणून भोंगा वाजवितात. एक आखूड भोंगा म्हणजे ‘मी उजवीकडे वळत आहे’. दोन म्हणजे ‘डावीकडे’. तीन म्हणजे ‘यंत्र उलटे फिरवीत आहे’. पाच वेळा भराभर भोंगा वाजला, तर त्याचा अर्थ ‘तुमचा हेतू मला समजत नाही’ असा होतो. धुके पडले की दिवेही दिसेनासे होतात. मग चालत्या आगबोटीने दर दोन मिनिटांच्या आत एक लांब भोंगा द्यावा आणि वेग आवरावा.

वेग न आवरल्यास काय होते, हे २५ जुलै १९५६ च्या रात्री दिसून आले. ‘आंद्रेआ दोरिया’ हे इटलीचे उतारू जहाज न्यूयॉर्ककडे येत होते. ‘स्टॉकहोम’ हे स्वीडनचे जहाज न्यूयॉर्कहून निघाले होते. नॅन्टकेट बेटाच्या दक्षिणेस दाट धुके होते, तरीही ‘आंद्रेआ दोरिया’ने आपला वेग नाममात्रच कमी केला होता. दोन्ही जहाजांवर रडार होते, आणि दोघांनाही एकमेकांची चाहूल लागली होती. परंतु एकाचा समज असा, की आपण एकमेकांच्या उजव्या बाजूने जाऊ. दुसऱ्याचा समज असा, की डाव्या बाजूने जाऊ. एक डावीकडे वळले, दुसरे रूढ रीतीप्रमाणे उजवीकडे वळले, आणि ‘स्टॉकहोम’चे पुढचे टोक ‘आंद्रेआ दोरिया’च्या कुशीत घुसले. ५१ माणसे प्राणांस मुकली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते देखणे जहाज बुडाले. ‘ईल द फ्रान्स’ हे फ्रेंच जहाज आपला मार्ग सोडून परत फिरले व मदतीस धावून आले. पुढचे टोक चेंगरलेल्या ‘स्टॉकहोम’नेही शेकडो उतारूंना आपल्यावर घेतले. म्हणून उरलेल्यांचे प्राण वाचले. आजच्या नियमांत, धुक्यात पुढून येणारे जहाज केवळ रडारवर दिसत असेल, तर शक्यतो डावीकडे वळू नये, असे स्पष्ट सांगितले आहे.

या सर्व नियमांत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ‘वाट माझी आहे’ असे म्हणण्याचा निखालस अधिकार ते कोणासही देत नाहीत. एकाने बाजू द्यावयाची, हे त्याचे कर्तव्य. दुसऱ्याने आपली दिशा व वेग न बदलता जावयाचे, हेही कर्तव्यच. तो मध्येच वळला, तर बाजू देणाऱ्याचा सारा अंदाज चुकेल. आणि बाजू देणारा चुकतो आहे, आता त्याच्या एकट्याच्या हालचालीने टक्कर टळणार नाही, असे दिसले, तर ज्याला वाट मिळावयाची त्यानेही टक्कर टाळण्यासाठी हालचाल केलीच पाहिजे. नियम माझ्या बाजूने होता, हे समाधान बुडालेल्या जहाजाच्या काय कामाचे? दूर देशीचे दोन कप्तान एकमेकांची भाषा जाणत नसतात, एकमेकांचे तोंडही पाहत नसतात. तरी अंधाऱ्या रात्री एक तांबडा दिवा पाहून दुसऱ्याने काय करावयाचे हे दोघांनाही ठाऊक असते. या परस्पर विश्वासावरच समुद्रावरची न दिसणारी वाट उभी आहे.